पंप हुशार आहे, पण सेन्सर चुकला तर?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे पालक हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, साखर बघून आपोआप इन्सुलिन देणारा पंप घ्यावा का?" परवडत असेल तर जरूर घ्यावा. पण तो बिघाडात कसा वागतो, हे विक्रेत्याला आधी विचारावे असे माझे स्पष्ट मत आहे.

त्वचेखालचा सेन्सर साधारण दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पाठवतो. सॉफ्टवेअर त्यावरून इन्सुलिन कमी-जास्त करते आणि रुग्णाच्या गरजेनुसार स्वतःचा हिशोबही बदलत राहते. सगळे सुरळीत असताना हे छान चालते.

गोम पुढे आहे. मूल सेन्सरच्याच कुशीवर झोपले की दाबामुळे आकडा खोटाच खाली येतो, पंप इन्सुलिन थांबवतो आणि खरी साखर चढत जाते. पॅरासिटामॉल घेतल्यावर काही सेन्सर उलट, साखर खोटीच वाढलेली दाखवतात. तेव्हा गरज नसताना इन्सुलिन जाऊ शकते. नळी मुडपली तर सॉफ्टवेअरच्या हिशोबी डोस गेलेला असतो, शरीरात मात्र पोहोचलेला नसतो. शिवाय जासई-उरणच्या दमट हवेत मे महिन्यात घामाने पट्टी सुटते, ते वेगळेच.

बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमाने २०१८ आणि २०१९ मध्ये कोसळली, ३४६ माणसे गेली. एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून सॉफ्टवेअर विमानाचे नाक खाली दाबत राहिले. ते नेमून दिलेले कामच करत होते!

म्हणून चाचणीत मुद्दाम बिघाड घडवून बघायला हवेत: खोटे आकडे, तुटलेला सिग्नल, अडलेली नळी. त्यासाठी रुग्णाला धोक्यात घालावे लागत नाही. संगणकातल्या कृत्रिम रुग्णांवरच्या चाचण्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच प्राण्यांवरच्या प्रयोगांऐवजी मान्य केल्या. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे, सॉफ्टवेअरसकट, औषध कायद्याच्या कक्षेत आहेत. मग बिघाडातल्या चाचण्यांचे निकाल कंपन्यांनी पालकांना समजेल अशा मराठीत का देऊ नयेत?

तोवर विक्रेत्याला एवढे विचारा: तासभर सिग्नल मिळाला नाही तर पंप काय करतो? ठरलेल्या नेहमीच्या डोसवर परत येतो, की शेवटच्या आकड्यावरच चालत राहतो? आणि आकडा व मुलाची अवस्था जुळत नसेल, तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघा. पट्ट्या घरात कायम असू द्या.