हजेरीपटापलीकडचे मूल

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीचे मोडी कागद जपलेले आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात अन्नदानाबरोबर विद्यादानाचीही सोय केली. अशा कार्यावर किती खर्च झाला ते हिशेबावरून कळते. मुलांचे पुढे काय झाले ते कळत नाही.

ही उणीव आजही आहे. महाराष्ट्रात ‘आरंभ’ उपक्रमातून अंगणवाड्यांत पालक मेळावे भरले. अशा कामाचा आढावा घेताना आम्ही शासकीय माणसे मेळाव्यांची संख्या आणि उपस्थिती आधी विचारतो. घरात मुलावर हात उगारणे थांबले का, हे विचारायचे राहून जाते.

वेल्समध्ये सरकारी ‘शुअर स्टार्ट’ योजनेत हे विचारले गेले. वर्तनसमस्यांची शक्यता असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचे १५३ पालक निवडले. कोणाला प्रशिक्षण लगेच आणि कोणाला नंतर, हे दैवगतीवर सोपवले. पालकांच्या सांगण्यावर न विसंबता घरी जाऊन निरीक्षणही केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रशिक्षित गटातील सुधारणा स्पष्ट दिसली.

आपल्याकडे निधी टप्प्याटप्प्यानेच येतो. मग गावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून का ठरवू नये? त्यात कोणावरही अन्याय नाही. मात्र, मूल गप्प बसले म्हणजे सुधारले, असे मोजमाप नको.

मजुरी बुडवून मेळाव्याला आलेल्या आईला त्याचा उपयोग झाला का, हे सांगणे शासनाचे कर्तव्यच आहे.