अल्बममधली अनामिक विमाने

गोमंतकातील अनेक घरांत मुक्तिपूर्व काळातील छायाचित्रे अजून जपून ठेवलेली आहेत. त्यांत कधी दाबोळीच्या विमानतळावर घेतलेले एखादे निघते. पुढे कोट-टोपीतला गृहस्थ, शेजारी फुलांचा गुच्छ घेतलेली मुलगी आणि मागे विमान. गृहस्थ कोणाचा कोण, मुलगी पुढे कोणत्या घरी दिली, हे सारे घरच्या वृद्ध मंडळींना सांगता येते. विमानाला मात्र नाव नसते. आमच्या मते या तिघांत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलके तेच असते.

दाबोळीचा नागरी विमानतळ १९५५ मधला. ‘ट्रान्सपोर्तेश आएरेउश दा इंदिया पोर्तुगेझा’ ऊर्फ टी.ए.आय.पी. ही येथील विमान कंपनीही त्याच वर्षीची. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि तिचा येथील कारभार संपला. म्हणजे शेपटीजवळ ‘सी.आर.-आय.’ या अक्षरांनी सुरू होणारी नोंद असलेले विमान दाबोळीवर उभे दिसले, की ते छायाचित्र त्या सहा-सात वर्षांतलेच. त्याच्या पाठीवर कोणी १९५० लिहून ठेवले असेल, तर ते बिनदिक्कत खोडावे.

अक्षरे पुसट असली तरी विमानाचा देह साक्ष देतो. लहानशा अंगाला निमुळती, लांबट अशी चार इंजिने असली, तर ते ‘हेरॉन’. ‘व्हायकिंग’ या विमानाला डकोटा म्हणण्याची चूक सहज होते, कारण दोन्हींना गोल तोंडाची दोनच इंजिने असतात आणि दोन्ही शेपटीवर बसून नाक वर करतात. परंतु डकोटाचे पंख पोटाखालून निघतात, व्हायकिंगचे थेट धडाच्या मध्यातून. चार मोठ्या इंजिनांचे डी.सी.-४ आणि त्याचाच थोरला अवतार डी.सी.-६ यांत घोटाळा होऊ लागला, तर खिडक्या पाहाव्यात. पहिल्याच्या गोलसर, दुसऱ्याच्या चौकोनी. यासाठी विमानविद्येची पदवी लागत नाही. एक भिंग आणि पाऊण तासाची सवड पुरते.

पण हा खटाटोप कशासाठी, आणि परकीय राजवटीच्या विमानांचे कौतुक ते काय, असे कोणी विचारील. कौतुकाचा येथे प्रश्नच नाही. उलट, ‘पोर्तुगीज काळात आमच्याकडे चार इंजिनांची विमाने होती’ असे उसासे टाकणाऱ्यांच्या हातातील हे छायाचित्र आम्हाला नीट वाचून हवे आहे. १९५४-५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे थांबली, आणि दमण, दीव व कराचीशी संबंध टिकवण्यासाठी सालाझारशाहीला आकाशाखेरीज वाट उरली नाही. ती विमाने वैभवाची नव्हती, वेढ्यात सापडलेल्या सत्तेच्या धडपडीची होती. नाव आणि साल कळले, की चित्राचा हा अर्थ उघड होतो. ते न कळले, तर चित्र कोणाच्याही बाजूने खोटे बोलू शकते.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने मात्र बचावली. एक लिस्बनच्या ‘ताप’ कंपनीचे सुपर कॉन्स्टलेशन, दुसरे टी.ए.आय.पी.चे डी.सी.-४. त्याच रात्री धावपट्टीचा काही भाग घाईघाईने बुजवून ती दोन्ही अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीकडे निसटली. शेपटीवर तीन उभी पाती असलेले सुपर कॉन्स्टलेशन एकदा पाहिले, की विसरता येत नाही.

तसेच एक आज बोगमाळो येथील नौदलाच्या वैमानिकी संग्रहालयात उभे आहे. ‘हेच ते पळालेले’ असा तर्क कोणी केला, तर तो सपशेल चुकीचा ठरेल. ते एअर इंडियाचे, तेथून हवाई दलाकडे आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आलेले. जात एक, कुळकथा वेगळी. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात ‘शॉर्ट सीलँड’ नावाचे एक उभयचर विमानही आहे, ज्याकडे बहुतेक पाहुणे पाठ करून सुपर कॉन्स्टलेशनजवळ छायाचित्र काढतात. बेलफास्टच्या कारखान्यात अशी सारी मिळून पंचवीसच्या आसपास बनली. त्यांतली दहा आपल्या नौदलाने घेतली व १९५३ पासून कोचीला वापरली. जगात शिल्लक उरलेली एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. जुन्या चित्रात हे अमेरिकेच्या ‘ग्रुमन गूज’सारखे भासते, पण गूजची इंजिने गोल तोंडाची, याची लांबट आणि अरुंद. इतके दुर्मिळ विमान खाऱ्या वाऱ्यात आणि गोव्याच्या पावसात उघड्यावर उभे राहावे, हे आम्हाला खटकते. त्यावर निदान छप्पर घालण्याइतकी दानत सरकारला दाखवता यावी.

धातूच्या विमानाची ही गत, तर कागदाची काय सांगावी? वाळवी आणि दमट हवा कोणाची वाट पाहत नाहीत. १९६१ मध्ये दाबोळीवर विशीत काम करणारे आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. घर विकले, वाटण्या झाल्या, की अल्बम प्रथम माळ्यावर आणि तेथून रद्दीत जातो. पणजीच्या पुराभिलेख खात्याने लोकांना आवाहन करून ही छायाचित्रे मागवावीत, प्रती काढून मूळ चित्रे मालकांना परत द्यावीत, आणि वास्को परिसरात राहणाऱ्या निवृत्त नौदल वैमानिकांना ओळख पटवण्याच्या कामी बोलवावे. अशा कामाला ते नाही म्हणणार नाहीत.

खाते हलेपर्यंत वाचकांनी घरच्या घरी इतके तरी करावे. चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, शाईने नव्हे, माणसांची नावे, स्थळ, आणि विमानाची दिसतील तेवढी अक्षरे लिहावीत. विमान अर्धवट दिसते म्हणून कड कापू नये; कित्येकदा ओळख पटते ती त्या कडेला आलेल्या शेपटीवरूनच.