कातडीवरचा सहभोजी

रूपकांची चिकित्सा हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम असेल, तर त्याने ‘जंतू’ या शब्दाकडेही एकदा पाहावे. आपल्या भाषेत जंतूंचा ‘हल्ला’ होतो आणि त्यांचा ‘नायनाट’ करावा लागतो. जणू कातडी ही तटबंदी आणि तिच्याबाहेरचे सारे शत्रू.

स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा जिवाणू या रूपकात बसत नाही. द्राक्षाच्या घडासारखी ठेवण पाहून अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८२ मध्ये या कुळाला ग्रीक शब्दावरून नाव दिले. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी वसाहतींच्या रंगावरून त्यातले सोनेरी व पांढरे वेगळे केले. त्यातला पांढरा तो हा. तो जवळजवळ प्रत्येक माणसाच्या कातडीवर असतो, सोवळ्यातल्या हातावरही. एरवी तो निरुपद्रवी. त्याचे काही वाण तर उपद्रवी सोनेरी भावंडाला नाकात बस्तान बसवू देत नाहीत. मात्र शिरेतली नळी किंवा कृत्रिम सांधा मिळाला, की तो तेथे चिकट थर करून राहतो आणि त्या थरात प्रतिजैविकांचाही प्रभाव कमी पडतो. तेव्हा त्याला ‘मित्र’ म्हणणेही भाबडेपणाचेच.

रक्ततपासणीत हा जिवाणू उगवला, की डॉक्टरांपुढे वाचकाचाच प्रश्न उभा राहतो. तो सुई टोचताना कातडीवरून आला, की मुळात रक्तातच होता? एकाच नमुन्यात आहे, की अनेक? रुग्णाला ताप आहे का? शरीरात नळी आहे का? संदर्भावाचून अर्थ लागत नाही. ‘जंतू सापडला, मारा’ एवढेच वाचले, तर नको ती प्रतिजैविके दिली जातात आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू फोफावतात. निरुपद्रवी म्हणून सोडून दिले, तर खरा संसर्ग निसटतो. चुकीच्या वाचनाची किंमत येथे रुग्ण मोजतो.

सूझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये आजाराकडे रूपकांशिवाय पाहण्याचा आग्रह धरला. तो पूर्णपणे पाळता येईल असे मला वाटत नाही. रूपक टाळता येत नसेल, तर ते निवडून तरी घ्यावे. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘सहभोजिता’ हा शब्द आहे. तेही रूपकच, पण ते शेजारी जेवणाऱ्याच्या स्वभावाविषयी काहीच सांगत नाही. फक्त पंगत एक आहे, एवढेच सांगते. शत्रू आणि मित्र या दोन्ही शब्दांनी निकाल आधीच दिलेला असतो. ‘सहभोजी’ म्हटले, की पाहणे, तपासणे शिल्लक राहते. चांगल्या वाचनाची अटही याहून वेगळी नाही.