पोच मिळाली, उत्तर कुठंय?

सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी सुट्टीत इंटर्नशिप केली. तिथे गेटवर दोन कॉम्प्युटर होते. ट्रक आला की गेटचं सॉफ्टवेअर वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरला विचारायचं, "वजन किती?" पण थेट नाही, मध्ये मेसेज ब्रोकर! प्रश्न एका रांगेत म्हणजे क्यूमध्ये टाकायचा, काट्याने तो उचलायचा आणि उत्तर दुसऱ्या क्यूमध्ये टाकायचं. एका दुपारी दोन ट्रक पाठोपाठ आले आणि एकाचं वजन दुसऱ्याच्या पावतीवर छापून आलं. रिकामा ट्रक कागदावर भरलेला! ड्रायव्हर म्हणतोय, "अहो साहेब, माल अजून भरायचाय!" दोन्ही गाड्या तासभर गेटवर उभ्या.

चूक ब्रोकरची नव्हती. दोन्ही गेटांची उत्तरं एकाच क्यूमध्ये येत होती आणि जो आधी हात घालेल तो उचलत होता. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे कुणी लिहिलंच नव्हतं. खरं तर याची सोय तयार असते. रॅबिटएमक्यू ज्या एएमक्यूपी प्रोटोकॉलवर चालतो, त्यात मेसेजला 'रिप्लाय-टू' आणि 'कोरिलेशन आयडी' असे दोन रकाने असतात. पहिल्यात उत्तर कुठे पाठवायचं ते आणि दुसऱ्यात प्रश्नाचा क्रमांक. उत्तर देणाऱ्याने तोच क्रमांक परत लिहायचा. पण हे रकाने भरणं आणि तपासणं हे आपलं काम, ब्रोकर ते करत नाही.

आपल्या कचेऱ्यांना हे कधीपासूनच माहीत आहे. सरकारी पत्रावर 'संदर्भ: आपले पत्र क्र. अमुक, दि. तमुक' असं असतं ना? तोच कोरिलेशन आयडी! आणि अर्जावर बसतो तो आवकचा शिक्का म्हणजे ब्रोकरची पोच. मेसेज मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. काम झालं असा नव्हे.

सुप्याहून राळेगणसिद्धी जवळच. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा पूर्णपणे लागू झाला. हा कायदा इंजिनिअरच्या नजरेने वाचून बघा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवून अर्जदाराला कळवायचं. उत्तराला मुदत तीस दिवस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुदतीत उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा आणि अपील करायचं. म्हणजे गप्प बसण्यालासुद्धा कायद्याने अर्थ दिला!

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच नसतं. उत्तर आलं नाही तर प्रोग्राम एक तर वाट बघत बसतो, नाही तर वापरणारा वैतागून बटण पुन्हा दाबतो. सॉफ्टवेअरमध्ये गप्प बसणं म्हणजे नकारही नसतो. काम झालेलं असू शकतं आणि फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असू शकतं. वजन पुन्हा विचारलं तर बिघडत नाही. पण पैसे कापायचा मेसेज दोनदा गेला तर खिशाला चाट! म्हणून पुन्हा पाठवताना क्रमांक तोच ठेवायचा आणि समोरच्याने तो ओळखून काम दुसऱ्यांदा करायचं नाही. शिवाय प्रश्नालाही मुदत घालायची. काटा तासभर बंद राहिला तर ब्रोकर प्रश्न सांभाळून ठेवतो, हा त्याचा मोठा फायदा. पण निघून गेलेल्या ट्रकचं वजन नंतर कुणाला हवंय?

आणखी एक. हल्ली फायनल इयरच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ब्रोकर दिसतो, कारण इंटरव्ह्यूमध्ये सांगायला बरं वाटतं. पण दोन्ही प्रोग्राम एकाच मशीनवर आहेत आणि उत्तर लगेच हवंय, तर सरळ कॉल करा की! समोरचा हळू असेल, मध्येच बंद पडत असेल किंवा उत्तर देणारे अनेक असतील, तिथे ब्रोकर शोभतो.

"आमचा डेमो तर व्यवस्थित चालतो," असं मित्र म्हणतात. चालणारच, डेमोला एकच ट्रक येतो! म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती, व्हायव्हामध्ये हा एक प्रश्न जरूर विचारा, "उत्तर आलंच नाही तर?" आणि मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री दोन खिडक्या उघडून एकाच वेळी बटण दाबून बघा.

ता. क. आमच्या विंगमधल्या गीझरच्या अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तराची वाट बघतोय... थंड पाण्याने!