कार्ड कोणाच्या हाती?

सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘चारू खुराना विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात दिलेल्या निकालाला आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून काम करण्याचा मार्ग या निकालाने मोकळा झाला. स्त्रियांचा विजय म्हणून त्याचे स्वागत झाले, ते योग्यच होते. तथापि समाजवादी चळवळीला एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. कारण या प्रकरणात स्त्रियांची वाट अडवून उभा होता तो कोणी भांडवलदार नव्हे. ती एक नोंदणीकृत कामगार संघटना होती.

अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनाचा व्यवसाय करण्यास सरकारी परवाना लागतो. कॅलिफोर्निया राज्यात त्यासाठी पूर्वी १,६०० तासांचे प्रशिक्षण आवश्यक होते. २०२२ पासून ही अट १,००० तासांवर आणण्यात आली. त्या पद्धतीचे दोष कितीही असोत, परवाना मागणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे तेथे विचारले जात नाही. आपल्याकडे असा सरकारी परवाना नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, त्याचे प्रमाणपत्र मिळते. परंतु प्रमाणपत्र हातात आले म्हणजे काम हातात आले असे नव्हे. मुंबईच्या चित्रीकरणस्थळी खरा परवाना होता तो वेशभूषा, रंगभूषा व केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेचे कार्ड. ज्याच्यापाशी कार्ड नाही, त्याला काम नाही.

हे कार्ड स्त्रियांना मिळत असे ते केवळ केशभूषाकार म्हणून. केस विंचरावेत ते स्त्रियांनी आणि चेहरा रंगवावा तो पुरुषांनी, अशी ही विभागणी अनेक दशके चालत आली होती. कॅलिफोर्नियात शिक्षण घेऊन आलेल्या अर्जदार स्त्रीला रंगभूषेचे कार्ड नाकारण्यात आले आणि कार्डावाचून काम केल्याबद्दल दंडही करण्यात आला. तिच्या कौशल्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. याखेरीज महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही नियमावलीत होतीच.

या विभागणीचे समर्थन करताना सांगितले जाई ते असे की, स्त्रिया रंगभूषेत आल्या तर पुरुष सभासदांच्या पोटावर पाय येईल. ज्यांचे पोट रोजच्या कामावर आहे, त्यांच्या भीतीची थट्टा करणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. ज्या धंद्यात उद्याच्या कामाची शाश्वती नाही, तेथे प्रत्येक नवा माणूस प्रतिस्पर्धी वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न असा की, या भीतीवर उपाय कोणता? कामाची हमी, किमान दर, वेळेवर मजुरी आणि ठरलेले तास यांसाठी निर्मात्याशी भांडणे हा एक उपाय. शेजारी उभ्या असलेल्या कामकरी स्त्रीला दाराबाहेर ठेवणे हा दुसरा. दुसरा उपाय सोपा असतो, कारण त्यात बलवानाशी गाठ पडत नाही. परंतु त्याने कामाची अनिश्चितता तसूभरही कमी होत नाही. ती केवळ दुर्बलांच्या माथी मारली जाते. शिवाय कामकऱ्यांत पडलेली फूट अखेर मालकाच्याच पथ्यावर पडते.

न्यायालयाने ही विभागणी घटनेच्या १४, १९ व २१ या अनुच्छेदांशी विसंगत ठरविली आणि वास्तव्याची अटही रद्द केली. तेव्हा लागू असलेल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या २१ व्या कलमात पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही व्यक्तीला सभासद होण्याचा हक्क होता. कामगारांनी झगडून मिळविलेल्या कायद्याचे हे कलम कामगार संघटनेलाच न्यायालयाने वाचून दाखवावे लागले, ही बाब चळवळीला भूषणावह नाही.

मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अशा उदाहरणांची वाटच पाहत असतात. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये कारागिरांच्या श्रेणी आणि त्यांची लांबलचक उमेदवारी यांवर टीका केली होती. तिचा आधार घेऊन ते म्हणणार की, संघटना हाच कामाच्या हक्कातील अडसर, ती मोडली की सर्वांना काम मिळेल. या युक्तिवादाचे उत्तर ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामच्या रस्त्यावर मिळाले. मोबाइलवरून मागणी घेऊन घरोघरी सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रियांनी तेथे आपल्या कंपनीच्या कार्यालयापुढे धरणे धरले. कंपनीचे भरमसाट कमिशन आणि ग्राहकांनी दिलेल्या गुणांवर टांगलेली रोजी या त्यांच्या तक्रारी होत्या. येथे ना संघटनेचे कार्ड होते, ना सभासदत्वाची अट. परंतु परवाना नाहीसा झाला नव्हता. तो कंपनीच्या हाती गेला होता. गुण घसरले की काम बंद, आणि दाद मागायची तर कोणाकडे? तेव्हा संघटना नको हे उत्तर नव्हे. सर्वांना सामावून घेणारी संघटना हवी, हे उत्तर होय.

या बाबतीत मुंबईच्या कामगारांचा स्वतःचा इतिहास मोठा आहे. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने याच शहरातील नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करण्यास त्यांनी नकार दिला. त्या कामाचे त्यांना पैसे मिळत होते, तरीही त्यांनी ते नाकारले. स्त्रीची विटंबना करून मिळणारी मिळकत नको, असे हातावर पोट असलेल्या माणसांनी त्या काळी म्हटले. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले, ते काही शोभेसाठी नव्हे.

यास्तव पक्षाच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः कामगार आघाडीवर काम करणाऱ्यांनी, प्रथम आपापल्या संघटनांच्या नियमावल्या उघडून पाहाव्यात. उघड बंदी कदाचित आढळणार नाही. पण प्रवेशशुल्क, शिफारशीची अट, सभेची वेळ, कार्यकारिणीची रचना यांतून स्त्रिया बाहेर राहतात काय, हे तपासावे. दुसरे असे की, गावोगावच्या ब्यूटी पार्लरमध्ये उभ्याने राबणाऱ्या मुलींकडे आपली संघटना अद्याप पोचलेली नाही. नेमणुकीचे पत्र, किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि रसायनांपासून संरक्षण या त्यांच्या साध्या मागण्या कोणी तरी मांडल्या पाहिजेत. न्यायालयाने कार्ड मिळवून दिले. त्या कार्डामागे संघटित शक्ती उभी करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, ते आपले आहे.