खोली भरली, पण गल्ला भरला का? ॲपवरच्या सवलतीचा होमस्टेवाल्यांनी मांडायलाच हवा असा हिशोब

मालवण : मे महिन्याची गर्दी ओसरली की किनाऱ्यावरच्या घराघरांत एकच फोन वारंवार येतो. पलीकडून पुण्याचा किंवा कोल्हापूरचा पाहुणा विचारतो, "दादा, तुम्ही अडीच हजार सांगताय, पण ॲपवर तर तुमचीच खोली दोन हजाराला दिसतेय. मग थेट फोन करून आमचा फायदा काय?"

या प्रश्नाला बऱ्याच जणांकडे उत्तर नसतं. मग दोन हजारात सौदा होतो, किंवा पाहुणा "बघतो" म्हणून फोन ठेवतो आणि ॲपवरून बुकिंग करतो. दोन्हीकडून घाटा मालकाचा.

तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत राहत्या घराला दोन-चार खोल्या जोडून होमस्टे सुरू करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिपी विमानतळ सुरू झाला, आणि स्कूबा डायव्हिंगमुळे तारकर्लीचं नाव लांबवर पोचलं. अनेकांनी बँकेचं कर्ज काढून खोल्या बांधल्या. हप्ता बारा महिने भरावा लागतो, पाहुणे मात्र मोजकेच महिने येतात. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि अधूनमधून शनिवार-रविवार. पावसाळ्यात समुद्रातली बोटिंग आणि स्कूबा बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे ताज्या म्हावऱ्याचीही वानवा. अशा वेळी सवलतीत खोली विकून देणारं ॲप देवासारखं वाटतं.

"रिकामी ठेवण्यापरास दोन पैशे इलेले बरे," हे वाक्य त्यामुळेच घरोघरी ऐकू येतं. ते चुकीचं नाही, पण अर्धंच खरं आहे.

आधी हिशोब

समजा, एका खोलीचा ठरलेला दर २५०० रुपये आहे. पाहुणा आल्यावर होणारा खर्च, म्हणजे चादरी-टॉवेल धुणं, सफाई, एसी-गिझरची वीज, पाणी, चहा-न्याहारी, मिळून ६०० रुपये धरू. पाहुणा थेट फोनवरून आला तर हातात १९०० रुपये राहतात.

आता तीच खोली ॲपवर २० टक्के सवलतीने २००० रुपयांना लावली. कमिशन प्लॅटफॉर्मप्रमाणे आणि कराराप्रमाणे बदलतं, साधारण १५ ते ३० टक्क्यांच्या मध्ये असतं. आपण २० टक्के धरू. म्हणजे ४०० रुपये कमिशन, आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ७२ रुपये. मालकाच्या खात्यात १५२८ रुपये येतात. त्यातून ६०० खर्च गेला की उरतात ९२८.

थेट पाहुण्यामागे १९००, ॲपच्या पाहुण्यामागे ९२८. म्हणजे ॲपवरून आलेले दोन पाहुणे मिळून थेट आलेल्या एका पाहुण्याइतकेही पैसे देत नाहीत. कष्ट मात्र दोन खोल्यांचे.

खरी मेख याच्या पुढे आहे. एका आठवड्यात ॲपवरून दहा बुकिंग आली. त्यातले पाच पाहुणे नवीन, जे ॲप नसतं तर आलेच नसते. उरलेले पाच असे, की त्यांनी एरवी फोन करून खोली घेतलीच असती, पण ॲपवर स्वस्त दिसलं म्हणून तिकडे वळले. ॲप नसतं तर पाच पाहुण्यांचे ९५०० रुपये हातात राहिले असते. ॲपमुळे दहा पाहुण्यांचे मिळून ९२८० राहिले. घर गजबजलेलं दिसलं, घरातल्या बायकांनी दहा वेळा चादरी बदलल्या, दहा जणांच्या न्याहारीचे घावणे काढले, आणि हिशोबात २२० रुपये कमीच पडले.

म्हणून "खोली भरली का?" एवढाच प्रश्न पुरत नाही. "हा पाहुणा एरवी आला असता का?" हे त्याच्यासोबत विचारावं लागतं.

नाव लपवून खोली विकण्याची युक्ती

हा पेच मोठ्या हॉटेलांनाही पडला होता. रिकाम्या खोल्या स्वस्तात विकायच्या, पण पाटीवरचा दर पडू द्यायचा नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये प्राइसलाइन या कंपनीने यावर एक तोड काढली. ग्राहकाने परिसर आणि हॉटेलचा दर्जा निवडायचा, आपण किती पैसे देऊ ते सांगायचं, आणि पैसे भरल्यानंतरच हॉटेलचं नाव कळायचं. पुढे हॉटवायर या कंपनीने थोडी वेगळी पद्धत आणली. तिथे किंमत दिसते, नाव मात्र पैसे भरेपर्यंत झाकलेलं.

यात हॉटेलाचा फायदा असा, की ज्याला ठराविक हॉटेलच हवं आहे तो पूर्ण दर देऊन जातो. ज्याला फक्त स्वस्त खोली हवी तो नाव न बघता घेतो. एकच खोली दोन दरांत विकली जाते, पण स्वस्त दर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सवलत झाकलेली असते, म्हणूनच ती परवडते.

आपल्याकडे ॲपवर दिसणारी सवलत नेमकी उलटी आहे. हॉटेलचं नाव, फोटो, नकाशा सगळं उघडं, आणि त्याखाली जुना दर खोडून नवा दर लाल अक्षरांत. चार दिवसांनी तो 'सवलतीचा दर' राहत नाही, तोच तुमचा दर होतो. मग शेजारचाही १९०० लावतो, पलीकडचा १८००. वाडीतल्या सगळ्यांचे दर खाली येतात, पाहुण्यांची संख्या मात्र तेवढीच. पावसात स्कूबा बंद असताना दर कितीही पाडला तरी स्कूबासाठी येणारा माणूस येणार नाही.

नाव झाकून विकण्याची पद्धत गावात जशीच्या तशी चालणंही कठीण. मुंबईत एका भागात एकसारखी अनेक हॉटेलं सापडतात, त्यात नाव लपतं. समुद्रालगतच्या एका वाडीत चार होमस्टे असतील, तर फोटोतला माड आणि व्हरांडा बघून पाहुणा नाव ओळखतो.

सवलतीचा पैसा कुणाच्या खिशातून?

'सभासदांसाठी खास दर', 'मोबाइलवरचा दर', 'शेवटच्या क्षणाची ऑफर' अशी नावं वेगवेगळी असतात. ग्राहकाला वाटतं कंपनी सूट देते. बऱ्याचदा ती मालकाच्या दरातूनच कापली जाते. उदाहरणार्थ, बुकिंग डॉट कॉमच्या 'जीनियस' योजनेत सभासदांना किमान १० टक्के सूट मिळते, आणि ती योजनेत सामील झालेला मालक देतो. अशा दोन-तीन योजना एकावर एक चढल्या की २५०० ची खोली किती खाली गेली ते मालकालाच उशिरा कळतं. सूट कापून उरलेल्या रकमेवर कमिशन वेगळं.

त्यामुळे पार्टनर ॲपमध्ये कोणत्या योजना चालू आहेत हे आठवड्यातून एकदा उघडून बघणं गरजेचं आहे. खोल्या ॲपवर चढवून देणाऱ्या मुलाच्या किंवा एजंटच्या हाती सगळं सोपवून मालक मोकळा झाला, की गळती तिथूनच सुरू होते.

"ॲपपेक्षा स्वस्त देता येणार नाही" ही अट

काही करारांत एक कलम असतं. मालकाने दुसऱ्या ॲपवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर यापेक्षा कमी दर द्यायचा नाही. हा विषय देशपातळीवर गाजलेला आहे. हॉटेलमालकांच्या महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दर आणि खोल्यांच्या उपलब्धतेबाबतच्या अशा अटी करारातून काढण्याचे आदेशही मेकमायट्रिप-गोआयबिबोला दिले. कंपन्यांनी त्याविरोधात अपिलाचा मार्ग धरला. युरोपातही २०२४ मध्ये नव्या डिजिटल कायद्यामुळे बुकिंग डॉट कॉमला ही अट सोडावी लागली.

चार खोल्यांच्या मालकासाठी यातला धडा साधा आहे. करारावर अंगठा टेकवण्याआधी, म्हणजे आजच्या भाषेत 'आय ॲग्री' दाबण्याआधी, दराची अट वाचा किंवा जाणकाराकडून वाचून घ्या. अशी अट असेल तर ती काढता येते का ते कंपनीला लेखी विचारा.

थेट बुकिंगची एक जमेची बाजू

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण ज्या होमस्टेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याला नोंदणी बंधनकारक नाही, त्याला थेट आलेल्या पाहुण्याकडून जीएसटी घ्यावा लागत नाही. तीच खोली ॲपवरून गेली, तर तो कर भरण्याची जबाबदारी ॲप कंपनीवर येते आणि बोजा शेवटी पाहुण्याच्या बिलात दिसतो.

म्हणजे ॲपवरच्या २००० रुपयांच्या खोलीसाठी पाहुणा प्रत्यक्षात २१०० मोजतो. सुरुवातीच्या फोनवरचं उत्तर इथेच सापडतं. "साहेब, ॲपवर शेवटचं बिल किती दाखवतं ते बघा. मी तुम्हाला २००० मध्ये देतो, सोबत सकाळची न्याहारी." पाहुण्याचे शंभर वाचतात. मालकाच्या हाती ९२८ च्या जागी १४०० उरतात. दर पाडूनही दोघांचा फायदा, कारण मधला वाटा गेला. (आपली नोंदणी लागते की नाही, हे मात्र कर सल्लागाराकडून तपासून घ्यावं.)

मग ॲप सोडायचं का?

तसं नाही. नव्या पाहुण्याला तुमचं घर सापडतं ते ॲपवरच. लोकांचे अभिप्राय आणि फोटो बघूनच नागपूरचं कुटुंब देवबागला यायचं ठरवतं. प्रश्न आहे तो ॲप कधी आणि किती वापरायचं याचा. हिशोबातून निघणाऱ्या काही गोष्टी अशा :

– दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीत सवलत पूर्ण बंद ठेवावी. त्या दिवसांत खोली तशीही भरते. शक्य असेल तर ॲपवर एक-दोनच खोल्या ठेवून बाकीच्या थेट पाहुण्यांसाठी राखाव्यात.

– सवलत फक्त सोमवार ते गुरुवार आणि पावसाळ्यात लावावी, तीही तारखा टाकून. तारीख न टाकलेली सवलत बंद करायची राहून जाते.

– खालची मर्यादा ठरवावी. वरच्या उदाहरणात ८०० रुपयांना खोली दिली तर कमिशन आणि त्यावरचा कर जाऊन ६११ हातात येतात, खर्च ६००. त्याखाली गेलं की पाहुणा आला तरी घरचेच पैसे जातात. प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहून ठेवावा.

– ॲपवरून एकदा आलेला पाहुणा दुसऱ्यांदा फोनवरून यावा, हे खरं कमावणं. निघताना त्याला नंबर द्यावा आणि त्याचा नंबर त्याला विचारून घ्यावा.

गावची 'झाकलेली सवलत'

नाव झाकून विकायची जी युक्ती अमेरिकेत ॲपने केली, ती गावात दुसऱ्या रीतीने करता येते. ती म्हणजे पॅकेज. दोन रात्री, दोन वेळचं जेवण, सोलकढी, आणि पावसाळ्यात समुद्राऐवजी आंबोलीचा धबधबा किंवा भातलावणी बघायला नेणं, सगळं मिळून एक रक्कम. यात खोलीचा दर किती धरला ते कुणालाच दिसत नाही. पाहुण्याला स्वस्त पडतं, वाडीचा दर पडत नाही, आणि जेवणाचे व रिक्षाचे पैसे गावातच राहतात.

दुसरी रीत व्हॉट्सॲपची. जुन्या पाहुण्यांच्या यादीला, आणि फक्त त्यांनाच, जुलैमधल्या मधल्या वारांचा खास दर कळवायचा. तो दर ॲपवर नाही, पाटीवर नाही. शेजाऱ्याशी स्पर्धाही नाही.

या दोन्ही गोष्टींना कमिशन लागत नाही, पण मेहनत लागते. फोन उचलावा लागतो, पाहुण्याचं नाव लक्षात ठेवावं लागतं. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून "अमुक रकमेखाली ॲपवर कुणीच जायचं नाही" असं ठरवायचा मोह होईल, पण दर मिळून बांधून घेणं स्पर्धा कायद्यात बसत नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं. आपली खोली भरली असताना पाहुणा शेजाऱ्याकडे पाठवणं मात्र कुणीही करू शकतं, आणि कोकणात ते आजही होतं.

रिकामी खोली ही उद्या विकता न येणारी वस्तू आहे, बाजारातल्या मासळीसारखी. संध्याकाळी उरलेली मासळी स्वस्तात द्यावीच लागते. पण सकाळी पाटी उतरवतानाच संध्याकाळचा भाव ओरडून सांगणारी कोळीण मालवणच्या बाजारात कुणी पाहिली नसेल.