शिरवण्यात गोदाम येईल, पण ट्रक कुठून जाणार?

शिरवणे गाव सायन-पनवेल महामार्गालगत. जवळच एमआयडीसीची टीटीसी औद्योगिक वसाहत. अशा ठिकाणी मोठ्या गोदामाचा प्रस्ताव आला की रोजगाराची चर्चा होते. कंटेनर कुठे वळणार, कुठे उभे राहणार, हा प्रश्न मागे पडतो. त्रास मात्र पायी कामावर जाणाऱ्यांना आणि शाळकरी मुलांना होतो.

२००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. औद्योगिक शेडना दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. तरीही बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी बंधनकारक नाही. म्हणजे आपल्याला कुणी बोलावणार नाही, आपणच विचारायचे.

माहिती अधिकारात वाहतूक अभ्यासाची प्रत, मंजूर नकाशा आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मागा. मोजणी गर्दीच्या वेळेची आहे का, ट्रकांना आवारातच जागा आहे का, वस्तीत बंब शिरेल का, हे तपासा. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे.

१९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. सार्वजनिक रस्त्यावरचा हक्कही मागितल्याशिवाय मिळत नाही. जय भीम!